मोटार शोसाठी आलिशान कॉन्सेप्ट कार: कोकणात बसून बांधायची असेल तर

रत्नागिरीजवळ फायबरच्या होड्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये आम्ही शोची गाडी बांधली; कॉन्सेप्ट कार, म्हणजे विकायला नव्हे तर डिझाइनची कल्पना दाखवायला केलेली एकच गाडी. तेव्हापासून डिझाइन शिकणारी मुलं, गॅरेजवाले, एखादा हौशी बागायतदार, सगळे एकच विचारतात: हे इथे होतं का? होतं. कोकणात फायबरचे कसलेले कारागीर आहेत, वेल्डर, सुतार, मूर्तिकार आहेत, आणि उंच छपराची शेड पुण्याच्या मानाने स्वस्तात मिळते. नाही ती फक्त कोरडी हवा. त्यामुळे ओलाव्यात बिघडणारी कामं कोरड्या महिन्यांत बसवायची, आणि शोच्या स्टँडवर जे दिसणार नाही त्यावर पैसा घालवायचा नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींभोवती आहेत.

१. गाडी काय करणार नाही, ते आधी ठरवा

शोच्या गाड्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या. पहिली नुसती ढकलायची: चाकं फिरतात, स्टिअरिंग वळतं, बाकी काही नाही. दुसरी मंचावर स्वतः चालत येईल इतपत: ई-रिक्षाची ४८ व्होल्टची मोटर आणि कंट्रोलर बसवला की माणसाच्या चालीने येते. तिसरी खरोखर धावणारी. १९३८ ची ब्युइक वाय-जॉब, जिला बहुतेक जण पहिली कॉन्सेप्ट कार मानतात, ती या तिसऱ्या प्रकारातली. तिचा डिझायनर हार्ली अर्ल याने ती पुढे स्वतःची गाडी म्हणून कितीतरी वर्षं वापरली; पण त्याच्या पाठीशी अख्खी जनरल मोटर्स होती. तुम्ही दुसरा प्रकार धरा.

मग एका कागदावर लिहून काढा: दारं उघडणार का, काच खाली होणार का, बॉनेट उघडणार का, दिवे लागणार का, आत माणूस बसणार का. १९७० च्या लॅन्शिया स्ट्रॅटोस झीरोची उंची जेमतेम ८४ सेंटिमीटर होती आणि आत शिरायचं ते पुढची काच उचलून. तिला ते शोभलं, कारण ती पाचर होती. आलिशान गाडीचं तसं नाही. तिथे लोक दार उघडून बघणारच आणि आत वाकून हात फिरवणारच. म्हणून आमचं मत: मागचं दार मस्त उघडलं पाहिजे, आतली मागची सीट खरी पाहिजे, बॉनेट मात्र खुशाल बंद ठेवा. काच खाली-वर करायच्या भानगडीत पडू नका.

हा कागद शेडच्या दाराला लावा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. काम अर्ध्यावर आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, सनरूफ पण उघडला तर?" तेव्हा बोट दाखवायला कागद हवा.

२. शोच्या तारखेपासून उलटं मोजा

भारत मोबिलिटी एक्स्पो, म्हणजे दिल्लीकडचा मोठा मोटार शो, २०२५ मध्ये १७ ते २२ जानेवारीला भरला होता. दिल्लीकडचा जानेवारी धरला तर कोकणातलं वेळापत्रक साधारण असं बसतं:

- शिमगा ते मे अखेर: ड्रॉइंग, छोटं मॉडेल, सांगाड्याचं वेल्डिंग. पाऊस लागायच्या आत सांगाड्यावर प्रायमर चढलाच पाहिजे.
- जून ते गणपती: पूर्ण आकाराचं क्ले मॉडेल, वायरिंग, सीटचे पॅटर्न. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. या दिवसांत फायबर आणि रंग यांचं नावही काढायचं नाही.
- गणपती ते दिवाळी: क्लेवर शेवटचा हात, साचे आणि फायबरचे पॅनल.
- दिवाळी ते डिसेंबरचा मध्य: लांबी (पुट्टी), घासकाम, रंग, काच, जुळणी.
- शेवटचे दोन आठवडे: नवीन काही नाही. फक्त दुरुस्ती आणि पॅकिंग.

गणपतीत एकही माणूस कामावर येणार नाही, हे गृहीत धरा. जास्त पैसे देतो म्हटलं तरी येणार नाही आणि तुम्ही म्हणूही नये. गौरी-गणपती गेले की मग दोन दिवस आणखी.

३. प्रमाण आणि पॅकेज ड्रॉइंग (चाकं, माणसं, छत कुठे येणार ते चित्र)

आलिशानपणा चामड्याने आणि क्रोमने येत नाही, तो प्रमाणात असतो. मर्सिडीज एस-क्लासच्या लांब आवृत्तीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३२१६ मिलिमीटर, मेबॅकचा ३३९६, रोल्स-रॉइस फँटमचा ३५५२. पुढच्या चाकाच्या मध्यापासून डॅशबोर्डपर्यंतचं अंतर जितकं जास्त, तितकी गाडी ऐटदार दिसते. २०१६ ची व्हिजन मर्सिडीज-मेबॅक ६ तर ५.७ मीटर लांब होती आणि तिला २४ इंची चाकं होती. मोठी चाकं आणि बारीक काचा या दोन गोष्टींनी निम्मं काम होतं.

शेडच्या एका भिंतीला पांढरं प्लाय मारा, त्यावर १०० मिलिमीटरच्या चौकटी आखा आणि गाडीची बाजू खऱ्या मापात काळ्या टेपने ओढा. टेप उचलून परत चिकटवता येते, पेन्सिलची रेघ नुसती गिचमिड होते. मग दार उघडं टाकून अंगणातून बघा. जवळून सुरेख वाटणारी छताची रेषा लांबून पाठीला पोक आल्यासारखी दिसते, हे तिथूनच कळतं. आत सहा फुटी माणसाचं पुठ्ठ्याचं चित्र कापून बसवा. डोकं छताला लागतंय का, गुडघे कुठे येतात ते लगेच दिसेल.

सापळा: रुंदी ठरवण्याआधी गाडी कशातून जाणार ते ठरवा. २० फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर आणि रुंदी २.३५ मीटर असते. बेंटलीची ईएक्सपी १०० जीटी २.४ मीटर रुंद होती. म्हणजे त्यात शिरलीच नसती. बेंटलीला ते परवडतं.

४. सांगाडा

साध्या पोलादाचा (एमएस) चौकोनी पाइप, जुन्या गाडीचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग. जुनी गाडी घेताना आरसी आणि स्क्रॅपचं प्रमाणपत्र नीट मागून घ्या, पुढे कुणी विचारलं तर हाताशी असू द्या. आधी सगळं टॅक करा (वेल्डिंगचे नुसते टाके घाला), कर्ण दोन्ही बाजूंनी मोजा, मगच पूर्ण वेल्डिंग. खाऱ्या हवेत उघडं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. ज्या दिवशी घासलं त्याच दिवशी प्रायमर मारा. चारही कोपऱ्यांत जॅक लावायची जागा ठेवा आणि गाडी निदान हातभर वर उचलता येईल अशी सोय करा. रॅम्पवर चढताना तीच वाचवते.

५. क्ले मॉडेल

पॅनलचे साचे याच मॉडेलवरून निघतात. गाडीची क्ले म्हणजे शाडू नव्हे. ती मेणाची असते, साधारण ६० अंशांवर ओव्हनमध्ये मऊ करून हाताने थापतात, थंड झाली की घट्ट होते आणि वाळून तडकत नाही. खाली लोखंडी-लाकडी सांगाडा, त्यावर पॉलियुरेथेन (पीयू) फोम, वर दोन-तीन बोटं क्ले. फोम अंतिम आकारापेक्षा तेवढाच आत ठेवा. पूर्ण मॉडेलचं वजन सहज टनाच्या वर जातं, म्हणून खालची फरशी सपाट आणि पक्की पाहिजे. शेणाने सारवलेल्या किंवा खचणाऱ्या जमिनीवर हा उद्योग नको.

हात कुठून आणायचे? पेणकडच्या किंवा आपल्या गावच्या मूर्तिकारांना विचारा. वळणावरून पट्टी ओढून पृष्ठभाग एकसंध करायची जी सवय त्यांच्या मनगटात असते, ती शिकवून येत नाही. मात्र गणपतीआधी ते मिळणार नाहीत, त्यामुळे ढोबळ आकार तुम्ही पावसात करून ठेवा आणि शेवटचा हात त्यांच्याकडून घ्या. एक गोष्ट त्यांना पहिल्याच दिवशी सांगा: मूर्तीत डावं-उजवं डोळ्याने जुळवतात, गाडीत टेम्पलेटने. एका बाजूचं काम पूर्ण करा, दर १०० मिलिमीटरवर प्लायचे टेम्पलेट कापा आणि ते उलटे लावून दुसरी बाजू काढा. स्कॅनर आणि सीएनसीची (संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्राची) सोय असेल तर फारच बरं. पण मिलिंग चालू असताना वीज गेली तर काय, याचं उत्तर आधी तयार ठेवा.

सापळा: पैसे वाचवायला फोमऐवजी थर्माकोल वापरू नका. फायबर घट्ट करणाऱ्या पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरिन त्याला लागलं की थर्माकोल विरघळून खड्डा पडतो.

क्ले तयार झाली की त्यावर चकचकीत फिल्म ताणून बसवा आणि रात्री ट्यूबलाइटखाली बघा. ट्यूबचं प्रतिबिंब सरळ धावलं पाहिजे. जिथे ते नागमोडी होतं तिथे खळगा आहे, मग हाताला लागो न लागो. हे काम इथेच संपवा; फायबरवर तेच दुरुस्त करायला कितीतरी पट घाम लागतो.

६. साचे आणि फायबर

हा कोकणाचा हातखंडा विषय, आणि म्हणूनच इथे गाफील राहायला होतं. मिरकरवाड्याच्या बंदरात जाऊन फायबरच्या होड्या बघा: मजबुती वादातीत, पण पृष्ठभाग होडीला चालेल असा. आमचे मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाले होते, "होडी पाण्यात जाते, तिला आरशासारखं करून काय करायचं?" गाडीला तेच करायचं आहे. म्हणून मिस्त्रींशी बोलताना जाडीची नव्हे, पृष्ठभागाची भाषा करा.

क्रम असा: मॉडेलवर सीलर (छिद्रं बुजवणारा थर), वॅक्सचे पाच-सहा हात (प्रत्येक हात वाळू द्या आणि पुसा), वर पीव्हीए (साचा सहज सुटावा म्हणून पातळ थर). मग टूलिंग जेलकोट, म्हणजे साच्याचा गुळगुळीत दर्शनी थर, साधारण अर्धा मिलिमीटर. फार पातळ राहिला तर पुढचं रेझिन त्यात मुरून तो मगरीच्या कातडीसारखा सुरकुततो. जेलकोट बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, अशा टप्प्यावर काचेच्या धाग्यांची पहिली पातळ मॅट. पहिला थर पूर्ण बसू द्या. घाईत चार थर एकदम चढवले की रेझिन तापतं, आकसतं आणि मॅटचे धागे वरून दिसायला लागतात. काळ्या रंगाखाली तर ते अगदी स्पष्ट. साच्याची जाडी पॅनलच्या निदान दुप्पट ठेवा आणि मॉडेलवरून काढायच्या आधी मागून पाइपची चौकट चिकटवा, नाहीतर साचा वाकतो आणि दोष मिस्त्रींच्या माथी बसतो.

कॅटालिस्ट (रेझिन घट्ट करणारं रसायन) रेझिनच्या १ ते २ टक्के. अंदाजे ओतू नका, वजनकाटा वापरा. मॅटचे रोल शेडमध्ये उघडे ठेवू नका. ते हवेतला ओलावा धरतात आणि मग रेझिन नीट भिनत नाही. एका छोट्या खोलीत दोन बल्ब पेटते ठेवून तिथे रोल उभे करा.

धोका: कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) आणि कॅटालिस्ट कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचा, कॅटालिस्ट त्यानंतर. दोघांच्या बाटल्या वेगळ्या कपाटांत, वेगळ्या मापांसकट. नवीन पोरगा कामावर आला की त्याला चहाच्या आधी हे सांगा.

पॅनल साच्यातून काढायची घाई नको. जितका जास्त वेळ आत राहील तितका कमी वाकडा होईल. दारांच्या फटी सगळीकडे सारख्या ३ ते ४ मिलिमीटर ठेवा. बघणाऱ्याला माप कळत नाही. पण फट वर बारीक आणि खाली रुंद असली की गाडी स्वस्त वाटते, आणि का ते त्याला सांगता येत नाही.

७. रंग

इथे खरी कसोटी. टू-पॅक (दोन भाग मिसळून मारायच्या) पीयू रंगाच्या हार्डनरची ओलाव्याशी क्रिया होते. दमट हवेत मारलेला कोट दुधाळ होतो किंवा त्यात सुईच्या टोकाएवढे फोड येतात. साध्या आर्द्रतामापकावर भागवू नका, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं) बघा. नियम असा की पॅनलचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी वर हवं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २६ च्या जरा वर येतो, म्हणजे पॅनल साडेएकोणतीस अंशांचं तरी हवं. सकाळी आठला शेडमधलं पॅनल रात्रीचं गारच असतं. त्यावर डोळ्यांना न दिसणारं दव असतं. तीच हवा ६० टक्क्यांवर आली की दवबिंदू २१-२२ पर्यंत उतरतो आणि काम निर्धास्त होतं. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्येसुद्धा फवारणीची वेळ अकरा ते चार. ऊन कलायला लागलं की गन धुवून ठेवा, पेंटर कितीही "अजून एक हात मारतो" म्हणाला तरी.

शेडच्या आत प्लास्टिकची खोली करा, वर-खाली फिल्टर लावा, जमेल तर डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) भाड्याने आणा. कंप्रेसरच्या लाइनला पाणी धरणारा फिल्टर दोन ठिकाणी. टाकीतलं पाणी रोज सोडा, बादलीत किती निघतं ते बघून तुमचाच विश्वास बसणार नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला नाकावर रुमाल चालत नाही. ताजी हवा पुरवणारा मास्क पेंटरला द्या, आणि तो घालतो का ते बघा.

घासकामात लांबी पातळ लावा. खुणेसाठी काळ्या पावडरचा पातळ थर देऊन लांब ठोकळ्याने घासलं की खळगे काळे राहून दिसतात. हाताला सुती मोजा घालून पॅनलवरून तळवा फिरवा. मोज्यातून खाच-उंचवटा उघड्या हातापेक्षा चांगला कळतो.

रंग कोणता? पहिलीच गाडी असेल तर काळा घेऊ नका. शोचे दिवे वरून लांब पट्ट्यांत असतात आणि काळा रंग प्रत्येक चूक त्यात दाखवतो. खोल हिरवा किंवा मोतिया चंदेरी बऱ्याच गोष्टी पोटात घालतात.

८. काचा

खरी काच एका गाडीसाठी बनवून घेणं परवडत नाही; अॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट अशा पारदर्शक प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर बसवतात. दोन्ही हवेतलं पाणी शोषतात. कोकणात शीट आधी ओव्हनमध्ये वाळवल्याशिवाय तापवली, तर आत बुडबुडे येतात आणि शीट वाया जाते. पॉलिकार्बोनेटला तर हे हमखास. तयार काच थिनर किंवा पेट्रोलने पुसू नका, बारीक भेगांचं जाळं पडतं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

९. आतली बाजू

बेंटलीने २०१९ च्या ईएक्सपी १०० जीटीमध्ये नदीत-दलदलीत गाडलं गेलेलं ५००० वर्षांपूर्वीचं लाकूड वापरलं होतं. तुमच्याकडे फणस आहे, सागवान आहे, कुडाळकडचं बांबूकाम आहे, सावंतवाडीचं लाखकाम आहे. बाहेरून आणलेल्या नकली कार्बन फायबरपेक्षा फणसाच्या पिवळसर लाकडाची पट्टी डॅशबोर्डवर शंभर पटीने उजवी दिसते. एकाच ठिकाणी, ठळक वापरा. चारही साहित्यं एका गाडीत कोंबलीत तर हस्तकलेचं दुकान होईल.

इथलं लाकूड ओलं असतं. शोच्या बंद हॉलमध्ये दिव्यांच्या धगीत ते आकसून तडकतं. ओलावा ८-१० टक्क्यांवर येईपर्यंत वाळवा, जाड तुकड्याऐवजी प्लायवर व्हिनियर लावा आणि मागच्या बाजूलाही पॉलिश मारा, नाहीतर पट्टी एका बाजूला धनुकली होते. चामडं पावसाळ्यात शेडमध्ये ठेवलंत तर पांढरी बुरशी ठरलेली. ते दसऱ्यानंतर मागवा.

१०. कागदपत्रं

सगळ्यात जास्त पस्तावणारे लोक मी इथे पाहिलेत. डिझाइन अॅक्ट २००० प्रमाणे नोंदणीसाठी डिझाइन नवं असावं लागतं, आणि अर्जाआधी ते जगाला दाखवलं की नवेपण संपलं. व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकलेला फोटोसुद्धा अंगाशी येऊ शकतो. प्रदर्शनासाठी कायद्यात सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती, तीही आधी सूचना देऊन आणि सहा महिन्यांत अर्ज केला तर. तिच्या भरवशावर राहू नका. अर्ज आधी, शो नंतर. नोंदणी मिळाली की १० वर्षं संरक्षण, पुढे ५ वर्षं वाढवता येतं.

सोबत ठेवायची फाइल:

- डिझाइन अर्जाची पोच
- आयोजकांचं स्टँड वाटपाचं पत्र आणि गाडी आत नेण्याचा पास
- डिलिव्हरी चलान (माल विकायचा नाही, प्रदर्शनासाठी चाललाय असं लिहिलेलं) आणि ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद). ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ते लागतं, आणि साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते
- वाहतुकीचा विमा, गाडीची किंमत आधी ठरवून घेतलेला
- जुन्या गाडीची आरसी आणि स्क्रॅपचे कागद
- बॅटरीची माहिती आणि ती तोडायची पद्धत. आगीच्या भीतीने आयोजक हे विचारतात

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. तुमची गाडी कुठेच नोंदलेली नाही. त्यामुळे आरे-वारेच्या रस्त्यावर फोटो काढायचा मोह आवरा. भाट्याच्या पुळणीवर तर मुळीच नको, वाळू आणि खारं पाणी ब्रेकपासून बिजागरीपर्यंत शिरतं.

११. नेणं

बंद बॉडीचा ट्रक किंवा कंटेनर, आणि ड्रायव्हर ओळखीचा. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग ४८ हा सरळ रस्ता. घाट दिवसा चढा. गाडी चाकांवरून बांधा, बॉडीवरून पट्टा नको. टायरला आडवे ठोकळे, सांगाड्याला चारही बाजूंनी पट्टे, आणि पट्टा जिथे रंगाला लागेल तिथे जुनी गोधडी. दारांच्या फटींत फोमच्या पट्ट्या घाला, नाहीतर वाटेत हादऱ्यांनी दार आणि चौकट एकमेकांना घासतात. बॅटरी तोडून ठेवा.

उतरवायचा रॅम्प तुमचा तुम्ही न्या. तिथला रॅम्प उभा असतो आणि तुमच्या गाडीचं पोट जमिनीला लागतं.

१२. स्टँडवर आणि परतल्यावर

पेटीत एवढं असू द्या: त्याच बॅचचा रंग छोट्या बाटलीत, टच-अप ब्रश, २००० चा वॉटर पेपर, पॉलिश, दोन बाजूंनी चिकटणारी टेप, सुटे क्लिप, फ्यूज, मल्टिमीटर, जादा बॅटरी चार्जर, मायक्रोफायबर फडकी भरपूर. दार उघडून दाखवायचं काम एकाच माणसाकडे ठेवा. लोक दाराची कड धरून उघडतात आणि दुसऱ्या दिवशी बिजागरी खाली येते.

शो संपला की रात्रीतच स्टँड मोकळा करावा लागतो आणि तेव्हा सगळे दमलेले असतात. परतीचं चलान, ई-वे बिल आणि ट्रक आधीच ठरवून ठेवा. घरी आणलेली गाडी प्लास्टिकने झाकू नका, आत घाम धरतो. सुती कव्हर घाला, आत सिलिका जेलच्या पिशव्या टाका, बॅटरी काढून वेगळी ठेवा. आणि उंदरांचा बंदोबस्त पहिल्याच आठवड्यात करा, वायरिंगची चव त्यांना फार लवकर लागते.